अक्काच्या विहिरीवरचं उभं चाक

माझ्या नवऱ्याला अख्खी भवानी पेठ मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही इथं मिस्त्रीच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा चाल नव्हती, आणि आता घ्यावंसं वाटत नाही. गिरणीच्या दुरुस्तीखात्यात ते सुतारकामाला होते. हाताला गुण होता, हे दुश्मनसुद्धा कबूल करील. डोक्याचं मात्र विचारू नका. ते एकदा एखाद्या गोष्टीत शिरलं की बायको पुढ्यात जळाली तरी म्हणतील, 'जरा तिकडं हो, धूर लागतोय.'

मी करकंबची. माझा बाप गावचा सुतार, पण थोडं रानही होतं, त्यामुळं रंधा आणि जोंधळा दोन्ही मी लहानपणापासून बघितलेले. लग्न होऊन सोलापुरात आले ती थेट भवानी पेठेत, मागांच्या खडखडाटात. आमच्यापासून तीन घरं सोडून एका तेलुगू बाईचं आवार होतं. सूत रंगवायचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, पण बाई धंदा असा सांभाळायची की मागवाले तिच्या दारात उभे राहून आदबीनं बोलायचे. तिला सगळे अक्का म्हणायचे. तिचे हात कोपरापर्यंत लाल. कितीही धुतले तरी लालच. उंच होती, खणखणीत हसायची. रूप म्हणाल तर माझ्याहून काही फार नव्हतं.

मी तिच्यावर जळत होते, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटी कबुली दिल्यासारखं नको. आणि माझी त्यात चूक होती असंही मला आज वाटत नाही. जळायला कारण असलं की माणूस जळतं.

पहिल्यांदा तसं काही नव्हतं. उलट आमचं बरं होतं. आमच्या घरी विहीर नाही, मी तिच्याकडून पाणी आणायची. ती मला चेल्ली म्हणायची. तेलुगूत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. विहीर खोल, सोलापुरातल्या सगळ्या विहिरींसारखी, आणि रंगाला पाणी लागतं ते किती! सूत भिजवायला पाणी, उकळायला पाणी, रंगवून झालं की पुन्हा पुन्हा खळबळायला पाणी. रहाटावर दोन बाया दिवसभर पोहरे ओढायच्या. त्या आल्या नाहीत की अक्का स्वतः पदर खोचून ओढायची. तळहाताला घट्टे पडले होते तिच्या.

स्टेशनपलीकडं एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात पवनचक्की होती. लोखंडी पायांवर उंच, मागं शेपूट. वारा फिरला की शेपूट फिरायचं आणि चाकाचं तोंड वाऱ्याकडं व्हायचं. मिस्त्री गिरणीतून येताना वाट वाकडी करून ती बघत उभे राहायचे. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी माझं लाटणं घेतलं, जमिनीवर उभं धरलं आणि दोन बोटांनी गरकन फिरवलं.

"हे बघ. चाक असं उभ्या दांड्यावर बसवलं तर? वाऱ्याचं तोंड कुटंबी असू दे. ह्याला शेपूट नको, काय नको. खाली दाते बसवायचे, दात्यावर डब्याची माळ. वारा फिरवंल आन् पाणी वर येईल."

"भाकरी गार होतीय," मी म्हणाले.

"तुला कळलं का मी काय म्हणलो?"

"कळलं की! चाक उभं करणार. पण कुटं करणार? आपल्याकडं विहीर हाय व्हय?"

विहीर अक्काकडं होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्री जाऊन विचारून आले. अक्का म्हणाली, करा, लाकूड माझं, पाणी वर आलं तर माझ्या बायांचे हात सुटतील. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात अक्कापुराण सुरू झालं. अक्कांनी सागवान काढून दिलं. अक्का म्हणाल्या खांब ह्या अंगाला घ्या. अक्कांच्या हाताचा चहा बाकी लई झकास. माझ्या हातचा चहा वर्षानुवर्षं प्यायले, त्याला कधी 'बरा' सुद्धा म्हणाले नव्हते.

आषाढाचे दिवस. सोलापुरात पाऊस पडेल न पडेल, पण आषाढात वारा असा सुटतो की अंगणात वाळत टाकलेलं धोतर शेजारच्या गल्लीत शोधावं लागतं. सुट्टीच्या दिवशी मिस्त्री अक्काच्या आवारात पाती तासत होते. पाती म्हणजे वाऱ्यानं ढकलायच्या फळ्या. चार फळ्या, पुरुषभर उंच, उभ्या दांड्याला चारी दिशांना. मी जेवण घेऊन गेले होते. एकेक फळी रंधून त्यांनी तिच्यावर पट्टी उभी धरली, खाली वाकून बघितलं आणि मला बोलावलं.

"बघ. उजेड दिसतोय का कुटं पट्टीखाली? न्हाय ना? आरशासारखी सपाट हाय."

सपाट होतीच. तसलं काम आमच्या बापालाही जमलं नसतं. पण मला ती फळी बघून काहीतरी खटकलं. मी खळ्यावर वाढलेली. रिकामं सूप घेऊन वाऱ्यात चाललं तर काय होतं, हे माझ्या मनगटाला ठाऊक होतं. सुपाचं तोंड वाऱ्याकडं झालं की वारा आत भरतो आणि सूप हातातून हिसकतो. तेच सूप पालथं धरलं की वारा पाठीवरून निसटून जातो, काही जाणवत नाही.

मी म्हणाले, "अवो, सपाट कशाला केली? वारा हिला हिकडनं जेवढा ढकलंल तेवढाच तिकडच्या फळीला उलटा ढकलंल. मग फिरंल कशी? सुपासारखी पोकळ करा की. एका अंगानं धरंल, दुसऱ्या अंगानं सोडंल."

मिस्त्री हसले. तिथं रंगाच्या बाया होत्या, लडी वाळत घालणारा एक म्हातारा होता, त्या सगळ्यांसमोर हसले. "अगं, हितं काय जोंधळं पाखडायचंय व्हय? वाकडी फळी म्हंजे सुताराची बेअब्रू. जा, घरी जा, ताक सांडंल मांजर."

मी जेवणाचं फडकं तिथंच ठेवून आले. अक्का तेव्हा आवारात नव्हती, हे लक्षात ठेवा.

आठवड्याभरात चाक उभं राहिलं. वर फळ्या, खाली गिरणीच्या भंगारातले दाते, विहिरीत डब्यांची माळ. नारळ फुटला. वारा तर असा की डोळ्यांत माती जात होती. आणि चाक? थरथरलं. थोडं इकडं, थोडं तिकडं. हटवादी म्हशीसारखं जागच्या जागी उभं राहिलं. लोकांनी थोडा वेळ बघितलं आणि हळूहळू पांगले.

मिस्त्रींनी मानलं नाही. म्हणाले, वंगण कमी पडलं. वंगण घातलं. म्हणाले, दांडा जड झाला. तो तासून बारीक केला. म्हणाले, खालचा आधार घासतो. गिरणीतल्या कुणाकडून तरी छर्र्यांचं जुनं बेअरिंग मिळवून आणलं, तेही बसवलं. आता चाक इतकं हलकं झालं की कावळा बसला तरी फिरायचं, फक्त वाऱ्यानं फिरायचं नाही. त्यांचं जेवण तुटलं. गिरणीत लोक विचारायचे, 'काय मिस्त्री, पाणी आलं का?' आणि ते एवढंसं तोंड घेऊन घरी यायचे. मला वाईट वाटत होतं हो. नवरा होता माझा. मी पुन्हा एकदा जपून विषय काढला, "ते सुपाचं मी म्हणत हुते…"

ताट सरकवून उठले. "तुला रंधा कुठल्या हातानं धरतात ते तरी ठावं हाय का? डोकं खाऊ नगंस!"

रंधा मला धरता येत होता. बापाजवळ शिकले होते. पण बोलणार कुणाशी? पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रागातच दुसऱ्या दिवशी पाणी आणायला गेले आणि अक्कापाशी माझं तोंड सुटलं. सगळं सांगितलं. सपाट फळी, पोकळ सूप, भर आवारात हसले ते, ताट सरकवलं ते. तिचंच सूप भिंतीवरून काढलं, तिच्या लाल हातात दिलं आणि तिला वाऱ्यात उभी केली. "धरा असं. आता फिरवा. कळलं?" तिनं सूप उलटसुलट केलं. तोंड वाऱ्याकडं झालं तेव्हा तिचा हात हिसकला आणि ती खणखणीत हसली. मग चाकाकडं बघत राहिली. म्हणाली, "ऊं." बस. एवढंच. मी घागर उचलून घरी आले. मन हलकं झालं होतं. कुणीतरी ऐकून घेतलं, एवढ्यावर बाईमाणूस खूश होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री घरात आले ते तोंडभर हसत. चपला काढायचीही शुद्ध नव्हती.

"अगं ए, हिकडं ये! अक्कांनी काय डोकं चालवलंय! मानलं बाईला!"

आणि त्यांनी भिंतीवरचं सूप काढलं. माझं सूप. मी माहेरून आणलेलं. मला ओढत अंगणात नेलं, सूप माझ्या हातात दिलं आणि मला, मला, शिकवायला लागले! "हे असं धर. बघ, वारा भरला का न्हाय? आता पालथं कर. बघ, निसटला. कळलं का? आमी गाढवं, सपाट फळी करून बसलो! एका अंगाला धरायला पायजे, दुसऱ्या अंगाला सोडायला पायजे. अक्का म्हणाल्या आन् माझं डोळं उघडलं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी अनुभवली. तोच वारा, तेच सूप, तेच शब्द. 'एका अंगानं धरंल, दुसऱ्या अंगानं सोडंल' हे माझं वाक्य माझ्याच नवऱ्याच्या तोंडून मला परत ऐकू येत होतं, आणि त्यावर नाव तिचं. मी सांगितलं तेव्हा जोंधळं पाखडायचं होतं. तिनं सांगितलं तेव्हा डोळे उघडले.

"मीच तर म्हणले हुते," मी म्हणाले.

"तू? कवा?" खरंच आठवत नव्हतं त्यांना. त्यांच्या तोंडावर लबाडी असती तर मी भांडले असते. लबाडी नव्हतीच. माझं बोलणं त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं, तर आठवणार कुठून? मी सूप भिंतीला अडकवलं आणि आत गेले. त्या रात्रीच्या पिठल्यात मी मूठभर तिखट टाकलं. त्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं आणि पाण्याचे तांबे रिचवत अक्काच्याच गोष्टी सांगितल्या.

आणि अक्का! ती तर माझ्या मते सरळसरळ चोर होती. मी विश्वासानं सांगितलं आणि तिनं ते नेऊन माझ्याच नवऱ्याला विकलं. मी तिच्याकडं जाणं बंद केलं. पाणी लांबच्या आडावरून आणायला लागले. कंबर मोडायची, पण मोडू दे. शेजारणी चोंबडेपणानं विचारायच्या, "काय गं, मिस्त्रींचा मुक्काम हल्ली रंगाच्या आवारातच का?" मी म्हणायची, "व्हय, रंग लागलाय त्यांना." धोतरावर लाल डाग असायचे. ते डाग मी दगडावर असे घासायची की धोतर विरलं. त्यांच्यात तसलं काही नव्हतं, हे मलाही माहीत होतं. तसलं असतं तर एकवेळ मी समजले असते. पुरुष आहेत, पाय घसरतो. पण त्यांनी तिला दिलं ते निराळंच होतं. तिचं बोलणं ते ऐकत होते. माझ्या वाट्याला ते कधीच आलं नव्हतं.

आता जे ज्याचं ते त्याला द्यावं. पुढचं काम मिस्त्रींचं एकट्याचं. गिरणीतून तेलाचं रिकामं पिंप आणलं, छिन्नीनं उभं कापून त्याचे दोन अर्धगोल केले आणि दांड्याच्या दोन बाजूंना उलटसुलट तोंडांनी बसवले. मी म्हणाले असते, दोन सुपं पाठीला पाठ लावून घट्ट चिकटवा. त्यांनी तसंच करून बघितलं, पण फिरणं मंद. मग त्यांनी ऊद जाळून त्याचा धूर पात्यांत सोडला आणि वारा कुठून कुठं जातो ते बसून बघितलं. त्यावरून दोन्ही अर्धगोल आतल्या बाजूला एकमेकांपुढं सरकवले, मधे फट ठेवली. एका पात्यात शिरलेला वारा त्या फटीतून दुसऱ्याच्या पोटात जायचा आणि त्यालाही ढकलायचा. तरी चाक कधीकधी एका जागी अडायचं, हातानं टोलवावं लागायचं. म्हणून खाली आणखी एक जोडी बसवली, वरच्या जोडीशी काटकोनात. वरची अडली की खालची ओढायची. हे सगळं मला घरीच कळायचं, कारण ते रोज जेवताना सांगायचे आणि मी त्यांच्याकडं पाठ करून भाकरी थापत ऐकायची.

श्रावण संपता संपता चाक फिरलं. मी बघायला गेले नाही. अख्खी पेठ गेली. मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं, डब्यांची माळ विहिरीच्या काठावर आपटायची आणि पाणी हौदात पडायचं. रोज, दिवसभर. कान बंद करायची सोय देवानं का ठेवली नाही कोण जाणे.

आश्विनात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा. रंधा, करवत, वाकस सगळं धुऊन मांडतात. मिस्त्री म्हणाले, औंदा चाकाचीबी पूजा करायची, अक्कांनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय.

"मग करा की. मला कशाला सांगता?"

"अगं, हळदीकुंकू कोण लावणार? अक्कांना चालत न्हाय. सवाष्ण पायजे."

म्हणजे डोकं अक्काचं, मान अक्काचा, आणि मी लागते ती कपाळावरच्या कुंकवापुरती! मी म्हणणार होते, नाही येत जा. पण सवाष्णीनं कुंकवाला नाही म्हणायचं नसतं. नवं लुगडं नेसले, करंडा घेतला आणि गेले.

मी ते चाक त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितलं. फिरू नये म्हणून दोरीनं बांधलं होतं. पत्र्यावर तेलाचे जुने डाग तसेच होते. आणि आकार? काय सांगू. दोन सुपं, वाऱ्यात धरलेली.  अक्का लांब, हौदापाशी उभी होती, अशा वेळी विधवा उभी राहते तशी. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. मी मान फिरवली.

गिरणीतले दोघंतिघं आले होते, मागवाले होते, पेठेतली बरीच माणसं होती. मिस्त्री त्यांना हात करून करून दाखवत होते. "आवो, आमी नुसतं लाकूड कापणारी माणसं. ही पोकळ पात्यांची अक्कल अक्कांची. त्यांनी सांगितलं नसतं तर हे चाक आजबी उभंच हुतं."

मी हळदीचं बोट पात्याला लावलं होतं. कुंकवाचं बोट तसंच वर राहिलं.

"थांबा, मिस्त्री," अक्का म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, सगळे वळले. "ते माझं न्हाय. हिचं हाय. माझ्याच आवारात माझंच सूप माझ्या हातात देऊन हिनं मला शिकवलं. मी तुमच्यापर्यंत पोचवलं, तेवढंच."

 मला काय झालं ते मलाच कळेना. मी ओरडलेच, "मग तवा का न्हाय सांगितलं? दोन महिनं झालं की!"

अक्कानं आपले लाल तळहात पुढं केले. घट्टे अजून होते. "चेल्ली, मला पाणी पायजे हुतं. तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी केलं असतं का? तूच मला सांगितलंस की, किती ऐकतात ते."

खरं बोलली. त्याचाच तर राग. मला हवं होतं ते भर आवारात, सगळ्यांच्या देखत मिळालं, आणि तेही तिच्याच हातून मिळालं. थोरपणाही तिनंच घ्यायचा. मी तिला मनात चोर म्हणत होते तो एक आधार होता, तोही तिनं काढून घेतला. पण मला तिचं काही नकोच होतं. मी मिस्त्रींकडं बघितलं. ते आता आठवतील, तो आषाढातला दिवस, जेवणाचं फडकं, ते हसणं. त्यांनी एकदा म्हणावं, व्हय, तू सांगितलं हुतंस. एवढ्यासाठी मी कुंकवाचं बोट वर धरून उभी होते.

मिस्त्रींनी टोपी मागं सरकवली, डोकं खाजवलं. माझ्याकडं बघितलं, मग अक्काकडं बघितलं.

"अक्का म्हणतात म्हंजे खरंच असंल की," ते म्हणाले, आणि चाकाची दोरी सोडायला वळले.